साने गुरुजींची आंतरभारती आणि आपली वारी



वयाची पंचाहत्तरी जवळ आली. गळा पूर्वीसारखा साथ देत नाही, म्हणून कीर्तनाला उभे राहणे थांबविले आहे. वाचन तेवढे चालू आहे, आणि रिकाम्या वेळी जुन्या सप्ताहांच्या आठवणी येतात. त्यांतली एक आठवण सुखाची नाही. ती आधी सांगतो आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास सांगतो. दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या रीतीभातीच्या माणसाची ओळख मुलांना शाळेत कशी करून द्यावी, हा प्रश्न आज गावोगावी उभा आहे. त्याचे उत्तर आपल्या अंगणातच आहे. पण ते मला माझ्या हातून घडलेल्या अपराधातून कळले.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या शिवेलगतच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. तिसऱ्या दिवशीचे कीर्तन माझ्याकडे होते. चिंतन जड होऊ लागले, माणसे पेंगू लागली, की कीर्तनकार एखादा हसविणारा दृष्टांत टाकतो, हे आपण जाणताच. माझा एक ठरलेला दृष्टांत होता. एक कानडी म्हातारा वारीला येतो आणि मोडक्या मराठीत बोलतो. “वारी आला, म्हैस गेला, चंद्रभागा दिसला!” असे मी त्याच्या हेलात म्हणून दाखवीत असे. मंडप हसून लोळायचा. त्या रात्रीही लोळला. शाळेची पोरे अगदी पुढे बसली होती, ती तर टाळ्या पिटत होती. मला वाटले, रंग भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान उरकून ओट्यावर आलो. समोरच शाळेचे पटांगण. तिथे पोरांचा गलका चालला होता. मधे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उभा होता आणि भोवती दहा-बारा पोरे फेर धरून माझेच वाक्य, माझ्याच हेलात म्हणत होती : “चंद्रभागा दिसला! चंद्रभागा दिसला!” तो मुलगा रडत नव्हता. पाटी छातीशी धरून नुसता उभा होता.

शाळेचे मास्तर बाहेर आले, पोरांना आत पिटाळले आणि माझ्याकडे आले. त्यांनी सांगितले की त्या मुलाचे वडील विजापूरकडचे, गवंडीकामासाठी त्याच वर्षी गावात आलेले, घरी कानडीच बोलतात. पोरगा दोन महिने वर्गात तोंडच उघडत नव्हता. आता कुठे चार शब्द मराठीत बोलू लागला होता. मास्तर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. एवढेच म्हणाले, “महाराज, सवड असेल तर आज माझ्या वर्गात येऊन बसा.”

मी गेलो. मास्तरांनी फळ्यावर चार रकाने आखले. सोलापूरच्या मुलखात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा नांदतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तर सोलापूरच्या मागाला नाव मिळवून दिले. त्या लहानशा वर्गातही चारही घरची लेकरे होती. मास्तरांनी विचारले, “घरी पाण्याला काय म्हणता?” पाणी, नीरु, नीळ्ळु, पानी असे चार शब्द फळ्यावर चढले. “मोठ्या भावाला?” कानडीत अण्णा, तेलुगूत अन्ना, दखनीत भाई. मराठी पोरे म्हणाली, “आम्ही पण अण्णाच म्हणतो.” मग त्यांनी त्या मुलाला विचारले, “तुझ्या घरी तुपाला काय म्हणतात रे?” तो हळूच म्हणाला, “तुप्प.” वर्ग पुन्हा हसला.

मास्तर म्हणाले, “हसलात कशाला? आपला ‘तूप’ हा शब्द त्याच्याच भाषेतून आपल्याकडे आला, असे जाणकार सांगतात. तुमच्या ताटात रोज त्याच्या घरचा शब्द असतो.” मग म्हणाले, “तुम्ही बहिणीला ताई म्हणता. कानडीत ताई म्हणजे आई.” वर्ग गप्प झाला. मुलांना ही नवलाची गोष्ट होती. खरे म्हणजे मलाही होती.

पुढे त्यांनी माझ्या विनोदाचीच उकल केली. भिंत ती, दगड तो, झाड ते, हा भेद मराठीत आहे. कानडीत भिंत, दगड, नदी, म्हैस या सगळ्यांना एकच नपुंसकलिंग. त्या भाषेत वाढलेल्या लेकराला नदीला ‘ती’ म्हणावे हे कसे सुचणार? “तो चुकत नाही,” मास्तर म्हणाले, “तो त्याच्या आईचे व्याकरण आपल्या भाषेत घेऊन येतो. उद्या तुम्ही विजापूरला गेलात तर तुम्हीही असेच आपल्या आईचे व्याकरण घेऊन जाल.” आणि शेवटी पोरांना विचारले, “पंढरीच्या विठ्ठलाला कानडा कोणी म्हटले आहे?” कोणाला सांगता येईना. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ज्ञानोबा माउलींनी.” मास्तर म्हणाले, “मग तो देव पहिल्यांदा आपल्याशी मराठीत बोलला असेल, तेव्हा आपण त्याला हसलो असू का?”

माउली, हजारो लोकांपुढे उभा राहणारा मी, त्या तीस पोरांपुढे मान वर करू शकलो नाही. वर्ग सुटल्यावर त्या मुलाजवळ जाऊन हात जोडले. त्याने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे नाही. तो दृष्टांत मी पुन्हा कधी सांगितला नाही.

निघताना मास्तरांना विचारले, “हे शिकविणे तुम्ही कुठे शिकलात?” ते म्हणाले, “साने गुरुजींकडून. त्यांना मी पाहिले नाही. पण वाचले आहे.” तेव्हापासून मीही गुरुजींना निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो.

आपल्यापैकी पुष्कळांना साने गुरुजी ‘श्यामची आई’मुळे ठाऊक असतात, आणि वारकऱ्यांना पंढरपूरच्या उपोषणामुळे. पण गुरुजी मुळात शिक्षक. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. अमळनेर हे बोरी नदीकाठचे गाव, संत सखाराम महाराजांच्या गादीचे. तिथली वैशाखातली यात्रा आणि पंढरीला जाणारी दिंडी वारकऱ्यांना परिचित आहे. कोकणातली बोली बोलणारा हा तरुण अहिराणीच्या मुलखात आला. छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मुलांवर हुकूम चालविले नाहीत. मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, आजारी मुलांची सेवा केली आणि मुलांसाठी हाताने लिहून रोज एक दैनिक काढले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपलेसे कसे व्हावे, याचा पहिला धडा त्यांनी स्वतःच गिरविला. दुसऱ्याची ओळख पुस्तकातून पुढे होते. सुरुवात त्याच्या अंगणात झाडू हातात घेऊन होते.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले आणि पुढची अनेक वर्षे तुरुंगांत गेली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती टिपून घेणारे हात साने गुरुजींचे. पण आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो दक्षिणेतला त्रिचनापल्लीचा तुरुंगवास. तिथे त्यांच्या भोवती दुसऱ्या प्रांतांतले राजबंदी होते. मराठी बोलणारे गोळा करून त्यांच्यातच बसता आले असते. त्याऐवजी गुरुजी सोबत्यांकडून तमिळ आणि बंगाली शिकले. पुढे तिरुवल्लुवरांच्या ‘कुरल’ ग्रंथाला त्यांनी मराठीत आणले. तेराशे तीस द्विपदींचा हा ग्रंथ तमिळ माणसाच्या घरी आपल्या गाथ्यासारखा मानाचा. फ्रेंच भाषेतल्या एका थोर कादंबरीचा ‘दुःखी’ हा अनुवादही त्यांचाच, आणि इस्लामी संस्कृतीवरचे पुस्तकही त्यांचेच. ज्याने ‘श्यामची आई’ लिहून मराठी आईला अजरामर केले, त्याच माणसाने हे सगळे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. “परक्यांचे शिकविले की मुले आपले विसरतात” असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर साने गुरुजी हेच आहे. ज्याला आपल्या आईचे प्रेम खरोखर कळले, त्याला दुसऱ्याची आई परकी वाटत नाही.

आता पंढरपूर. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवीत होते. दहा-अकरा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. या प्रसंगाचा अभिमान आपण सांगतो, पण त्यातली बोचही सांगितली पाहिजे. त्यांना विरोध करणारे आपल्यातलेच होते, आणि उपोषणासाठी आपल्या मठात जागा देणारे तनपुरे महाराजही आपल्यातलेच. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि चोखोबांची लेकरे मात्र सहाशे वर्षे बाहेर उभी होती. नामघोष तोंडाने करावा आणि दार हाताने लावून घ्यावे, हे आपल्याकडून घडले आहे. माझ्या त्या दृष्टांतात मीही तेच केले होते. मंडपात तो मुलगा बसला होता आणि मी हसूनच त्याला बाहेर काढले.

मंदिराचे दार उघडले, पण गुरुजींचे मन तिथे थांबले नाही. स्वातंत्र्य आले, प्रांताप्रांतांत भाषांवरून ओढाताण सुरू झाली. शेजारचा माणूस शत्रू वाटू लागला, तर मिळालेले स्वातंत्र्य टिकणार कसे, ही काळजी त्यांना लागली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘आंतरभारती’ची कल्पना साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून मांडली. कल्पना अगदी सरळ होती. प्रत्येकाने आपल्या भाषेबरोबर देशातली आणखी एखादी भाषा शिकावी. एकमेकांचे ग्रंथ एकमेकांच्या भाषेत यावेत. चालीरीती, सणवार, गाणी समजून घ्यावीत. आणि जिथे निरनिराळ्या प्रांतांतली माणसे एकत्र राहतील, शिकतील, शिकवितील असे एक ठिकाण उभे राहावे. त्यासाठी ते निधी जमवू लागले होते. पण ११ जून १९५० रोजी ते गेले, आणि त्यांच्या डोळ्यांपुढचे ते ठिकाण त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. पुढे त्यांच्या अनुयायांनी आंतरभारतीचे काम चालविले. त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतली मुले एकत्र आणली, आणि मुलांना पाहुणे म्हणून परक्या घरी राहायला ठेवण्याची रीत पाडली. मला त्यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या घरी चार दिवस जेवलो, त्या घरच्या भाषेला पुढे जन्मभर हसवत नाही.

या कल्पनेला प्रेरणा होती रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनाची. रवींद्रनाथांनी तिथे १९०१ साली मुलांची शाळा काढली आणि १९२१ साली विश्वभारती. झाडाखाली बसून बंगाली मुलांनी जगाची ओळख करून घ्यावी, ही त्यांची धारणा. १९३७ साली तिथे चीनच्या भाषेसाठी आणि विद्येसाठी स्वतंत्र चीनाभवन उभे राहिले. आणि माउली, या ठाकुरांच्या घरी आपले तुकोबाही पोहोचले होते. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. देहूचा शब्द असा बंगालला गेला, आणि काही वर्षांनी बंगालची प्रेरणा अमळनेरच्या मास्तरांकडे परत आली.

खरे पाहता ही देवघेव आपल्या संतांनी फार आधीपासून केली आहे. नामदेवराय पंढरीहून निघाले ते पंजाबात गेले. घुमान गावी त्यांचे स्थान आजही पूज्य आहे, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पंजाबात जाऊन त्यांनी मराठीचाच हट्ट धरला नाही; तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत गायले. तरी त्या पदांत मधूनमधून मराठी वळण डोकावते. त्याला तिथे कोणी हसले नाही, उलट डोक्यावर घेतले. नामदेवरायांनाही परमुलखात कधी शब्द अडला असेल, लिंग चुकले असेल. तेव्हा कोणी पोरांचा फेर धरून त्यांना हिणविले असते, तर ते गाणे पुढे गेले असते का?

दक्षिणेकडे पाहा. कानडी हरिदासांचे मुकुटमणी पुरंदरदास. त्यांच्या पदांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’. कर्नाटक संगीत शिकणारे मूल, मग ते तमिळ असो, तेलुगू असो की मल्याळी, आजही पहिले धडे पुरंदरदासांनी घालून दिलेल्या वाटेनेच गिरविते. म्हणजे चेन्नईतल्या लेकराच्या संगीताच्या पहिल्या पाठातही आपला पांडुरंग उभा आहे! आणि त्याच कानडीला मी मंडपात हसविले होते. पैठणला नाथबाबांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. दोघे आधी कडाकडा भांडतात, एकमेकांची उणी काढतात आणि शेवटी गळामिठी घालतात. नाथांनी भांडण लपविले नाही, हे विशेष. मुलांना शिकवितानाही ‘सगळे सारखेच’ असे गुळमुळीत सांगून भागत नाही. वेगळेपण आहे ते आहे म्हणावे, त्यावर प्रश्न विचारू द्यावेत, आणि मग भेट घडवावी. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरी जन्मले आणि ‘योगसंग्राम’ मराठीत लिहून गेले. संतमाळेत त्यांना जागा देताना आपल्या पूर्वजांनी त्यांचे नाव बदलून घेतले नाही. ज्याला जवळ घ्यायचे त्याला त्याच्या नावानेच हाक मारायची, हा केवढा मोठा धडा आहे!

आता हे आजच का आठवले, ते सांगतो. माझा नातू बंगळुरात राहतो, तिसरीत आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, “आजोबा, मी कानडी बोललो की वर्गातली मुलं हसतात. मी वाईट बोलतो का?” माझ्या हातातला फोन जड झाला. चाळीस वर्षांपूर्वी पाटी छातीशी धरून उभा असलेला तो पोरगा डोळ्यांपुढे आला. नातवाला सगळी गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तो मुलगा शाळेत जात राहिला का?” मी म्हणालो, “मला ठाऊक नाही, बाळा. मी दुसऱ्या गावी निघून गेलो.” हे खरे आहे, आणि हेच मला सलते. कीर्तनकार पुढच्या सप्ताहाला निघून जातो. त्याने पोरांच्या तोंडात टाकलेला शब्द मात्र त्या गावातच राहतो.

आज आपल्या गावांत ऊसतोडीला आलेल्यांची मुले आहेत, बिहार-उत्तर प्रदेशातून बांधकामावर आलेल्यांची आहेत, पालावर राहणाऱ्यांची आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती आपल्या नातवंडांशेजारी बसतात. प्रजासत्ताक दिनाला पोरांना पंजाबी फेटा, गुजराती घागरा घालून मिरविले जाते. त्यात वाईट काही नाही. पण फेटा संध्याकाळी उतरतो. शेजारच्या बाकावरच्या पोराचे नाव नीट उच्चारता आले, त्याच्या आईच्या हातची भाकरी किंवा लिट्टी खाता आली, त्याच्या भाषेतले दहा शब्द आले, तर ते उतरत नाही.

म्हणून शिक्षक मंडळींना माझी विनंती, तसा एक फळा आपल्याही वर्गात आखा. साहित्य लागत नाही, खडू पुरतो. ज्याचे मराठी चुकते त्याला एक दिवस मास्तर करा. त्याने सगळ्यांना त्याच्या भाषेत दहापर्यंत मोजायला शिकवावे. मग चुकणे कसे असते ते बाकीच्यांनाही कळेल. सप्ताह भरविणाऱ्यांनी हरिपाठाला अशा घरची मुले पुढे बसवावीत, त्यांच्या घरचे एखादे भजन म्हणायला सांगावे. आणि आता जे तरुण कीर्तनकार उभे राहत आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, कोणाच्या बोलीवर, जातीवर, मुलखावर हशा मिळवू नका. हसवायचे असेल तर माझ्यासारखे स्वतःवर हसवा. त्यासाठी पुष्कळ सामग्री असते.

वारीत वाखरीच्या रिंगणापाशी उभे राहून पाहा. शेजारी कर्नाटकाची दिंडी असते, कोणी तेलंगणातून आलेला असतो. कोणाचे लिंग चुकते, कोणाचे वचन चुकते. सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि पाया पडतात. पोरांना हे एकदा दाखवा. आणि घरी आल्यावर त्यांना विचारा, आपल्या वर्गातला माउली कोणता?

तो विजापूरचा मुलगा आता पन्नाशीत असेल. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याने एवढे जाणावे की त्या दिवशी जोडलेले हात मी अजून सोडलेले नाहीत.

रामकृष्ण हरि.